न आठवणाऱ्या बहिणीचं सुतक

युफेमियाला बहिणी किती, असं बेटावर कुणाला विचारलं तर माणूस आधी हसायचा. सख्खी एकच, थोरली ब्रिजिता. बाकीच्या सगळ्या बोटीने यायच्या आणि बोटीने परत जायच्या.

पावसाळा ओसरून वाटा कोरड्या झाल्या की ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विनहून पाहुण्यांची बोट सुरू व्हायची. पाहुणे बहुतेक गोरे. त्यांना बेटावरच्या आम्हा तिवी लोकांची चित्रं बघायची असत, नाच बघायचा असे, लोखंडासारख्या टणक लाकडातून पक्षी कसा निघतो ते बघायचं असे. त्यांना धक्क्यावरून आणायचं, फिरवायचं आणि वेळेत परत बोटीत बसवायचं हे काम डोनाटसचं. डोनाटस या दोघी बहिणींचा मामेभाऊ. पोट सुटलेला, जिभेवर साखर, आणि लाकूडकामात बेटावर त्याचा हात धरणारे थोडेच. सगळं फिरवून झालं की तो पाहुण्यांना आंब्याखालच्या पत्र्याच्या मांडवात आणून सोडायचा. तिथे युफेमिया इतर बायकांबरोबर कापडावर ठसे मारत बसलेली असायची. हे नाव मिशनच्या नन्सनी ठेवलेलं. ते कुणाच्या तोंडात बसलं नाही, म्हणून ती सगळ्यांची फेमी.

फेमी मिशनच्या वसतिगृहात वाढली. नन्सनी तिला शिवण शिकवलं. पांढरी माती किती भिजवायची, पिवळी माती निखाऱ्यात घालून लाल कशी करायची, लाकडाच्या फणीने अंगावर ठिपक्यांची ओळ कशी उठवायची, हे सुट्टीत आईकडून आलं. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. नवऱ्याच्या किडन्या गेल्या. शेवटची काही वर्षं तो डार्विनच्या दवाखान्यात मशीनला जोडलेला होता आणि फेमी त्याच्या उशाशी. तो गेल्यावर तिने त्याचं सुतक रीतसर पाळलं. मुलगा डार्विनलाच राहिला, तिथे फुटबॉल खेळायचा. फेमी एकटी परत आली.

घर शांत होतं म्हणून असेल, किंवा स्वभावच तसा असेल, पण समोरचा माणूस खूश झालेला बघायला तिला फार आवडायचं. पहिल्यांदा तिने एका पाहुणीला बहीण म्हटलं ते अगदी मनापासून. ती बाई नुकती विधवा झाली होती, ठसा मारता मारता रडायला लागली. फेमीने तिला जवळ घेतलं, म्हणाली, "आजपासून तू माझी बहीण. माझ्या आईचं कूळ ते तुझं कूळ." बाईने गळ्यात पडून गाल ओले केले. ते बघून दुसऱ्या दिवशी दुसरीने विचारलं, "मला पण काहीतरी म्हणा ना." मग ती सवयच झाली. कुणी बहीण, कुणी भाची, कुणी नातू. पाहुणे रडायचे, हसायचे, फोटो काढायचे. डोनाटसही खूश. बोटीत बसवताना सगळ्यांना सांगायचा, "बेटावर या, घरचे होऊन जा!"

ब्रिजिताला हे मुळीच पटायचं नाही.

"आज किती झाल्या?" संध्याकाळी पत्त्यांच्या डावातून मान वर न करता ती विचारायची.

"दोन बहिणी. आणि एक मिशीवाला नातू."

"नातू? मग माझाही नातूच की तो. मला विचारलंस?"

"अगं ताई, बोटीत बसून गेला पण तो. कसला नातू नि कसलं काय!"

"कूळ आईचं आहे, फेमे. तुझ्या एकटीचं नाही. चण्याफुटाण्यासारखं वाटत सुटू नकोस."

फेमी हसून विषय बदलायची. हसून विषय बदलण्यात ती पटाईत होती. दुसऱ्यांदा येणारे पाहुणे तिला विचारायचे, "ओळखलंस का मला?" तेव्हाही ती हसायची. "विसरेन कशी? बारीक झालीस गं!" एवढ्यावर भागायचं. कधीच अंगाशी आलं नव्हतं.

दर नाताळाच्या आधी तिच्या नावाने एक खोकं यायचं. दूर दक्षिणेकडून कुठूनतरी. आत लोकरीचे कपडे. स्वेटर, कानटोप्या, गुडघ्यापर्यंतचे पायमोजे. जिथे माणूस अंगावर एक कपडा नको म्हणतो, तिथे हे! पहिलं खोकं उघडलं तेव्हा आख्खी आळी लोटपोट हसली होती. कानटोपीत चिंध्या कोंबून पोरांनी तिचा चेंडू केला. एक राखाडी स्वेटर ब्रिजिताच्या कुत्र्याला चढवला, तो गावभर मिरवून आला. उरलेलं चुलीवरून पातेलं उतरवायला कामी आलं. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव असायचं. "चर्चच्या बायका असतील," असं फेमी म्हणाली आणि खोकं जाळात घातलं. पुढची खोकीही तशीच गेली. एकदा तिच्या मनात आलं होतं की डोनाटसला नाव दाखवून ही कोण ते विचारावं, दोन ओळी कळवाव्या. राहून गेलं. मग कधीतरी खोकी यायची बंद झाली. ती बंद झाल्याचंही फेमीच्या लक्षात आलं नाही.

अशात एका सकाळी पाहुण्यांच्या घोळक्यात एक पन्नाशीचा माणूस आला. उंच, खांद्यात वाकलेला, पाठीवर पिशवी. बाकीचे चित्रांपुढे रेंगाळत होते, हा सरळ मांडवात शिरला.

"युफेमिया कोण?"

"मीच की. ये, बस. चहा मिळाला का?"

तो बाकावर बसला. आपलं नाव नॉरिस, पार दक्षिणेकडच्या टास्मानियाहून आलो, ट्रक चालवतो, असं त्याने सांगितलं. मग मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. "ही आठवते?"

मोबाइलमध्ये याच बाकावर बसलेली एक गोरी बाई होती. टोपी घातलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली. शेजारी फेमी, तोंडभर हसताना. अशा टोपीवाल्या बायका हंगामात बोट भरून यायच्या. फेमीने क्षणभरही विचार केला नाही.

"अगंबाई, माझी बहीण ही! विसरेन कशी? सारखी हसायची. कशी आहे? या खेपेला आणली नाहीस?"

"आत्या? हसायची?" नॉरिस म्हणाला. थोडा वेळ तो मोबाइलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती गेली. जुलैत." आणि त्याने तिचं नाव घेतलं.

मांडवातल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. सगळ्यांनी माना फिरवल्या, कुणी जमिनीकडे, कुणी आंब्याकडे. डोनाटस लगबगीने पुढे आला. "भाऊ, तो फोटो आत ठेव. आणि नाव नको घेऊ. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही."

त्या दिवसापासून तिचं नाव बेटावर कुणी घेतलेलं नाही, तेव्हा इथेही ते येणार नाही.

"माफ करा," नॉरिस म्हणाला. पिशवीतून त्याने एक निळा पत्र्याचा डबा काढला आणि जपून बाकावर ठेवला. "तिने सांगून ठेवलं होतं. बेटावर माझी बहीण आहे, माझी राख तिच्याकडे न्या. ती माझ्यासाठी नीट रडेल."

फेमीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल रंगात होते. ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. मागे कुणी पाहुण्याने कॅमेरा वर केला, तशी डोनाटसने सगळ्यांना चर्चकडे पिटाळलं. बायकाही उठून गेल्या, मांडवात फेमी, नॉरिस आणि तो डबा एवढेच उरले. आत्ता तरी खरं सांगावं, असं तिला वाटलं. तोंडही उघडलं. पण तो माणूस इतक्या लांबून आला होता, आणि तिने आधीच 'विसरेन कशी' म्हणून ठेवलं होतं.

"फार चांगली होती," ती म्हणाली. एका खोट्यावर दुसरं.

ब्रिजिताला निरोप गेला. ती पत्त्यांचा डाव टाकून आली. नॉरिसला डोनाटसने आपल्या घरी जेवायला नेलं होतं. ब्रिजिताने डब्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"कधी आली होती ही?"

"माहीत नाही. झाली असतील सात-आठ वर्षं."

"काय बोलली होतीस तिच्याशी?"

"आठवत नाही, ताई."

"नातं काय दिलंस?"

"बहीण."

"आणि कूळ?"

"आपलंच दिलं असणार. आईचं."

ब्रिजिता मटकन खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे जुलैत माझी बहीण मेली, आणि मी तो सबंध महिना पत्ते खेळत होते. फेमे, हे तू माझ्यावर आणलंस."

फेमीने तिला आयुष्यात पुष्कळदा रागावलेलं बघितलं होतं. पण तिचा आवाज असा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

डोनाटस परत आला तो तोडगा घेऊनच. "हे बघा, ती काही खरीखुरी आपल्यातली नव्हती. फादरला बोलावू, चार प्रार्थना म्हणू, राख समुद्रात सोडू. भाचा समाधानाने जाईल. उद्या पुन्हा बोट आहे, पाहुणे आहेत."

"खरी नव्हती?" ब्रिजिता त्याच्यावर फिरली. "मग हिने म्हटलं कशाला? आणि तू काय ओरडत असतोस बोटीपाशी? घरचे होऊन जा! झाली ना ती घरची. तेवढ्यावर विश्वास ठेवून मेली. आता म्हणतोस खरी नव्हती?"

"अगं, पण म्हणायची एक पद्धत असते..."

"असेल तुझी. माझी नाही."

मग ठरलं ते ब्रिजितानेच ठरवलं. माणूस गेलं की जिथे त्याचा वावर होता ती घरं, ती अंथरुणं, त्याची गाडीसुद्धा धुराने शुद्ध करायची ही रीत. या बाईचा बेटावर वावर कुठे? एक धक्का आणि हा एक बाक. तर मग बाकाला धूर द्यायचा. मांडव बंद. पाहुण्यांची बोट पुढचं सांगेपर्यंत नको. डोनाटसने कपाळावर हात मारला, पण डार्विनला फोन त्यानेच केला.

आणि फेमी सुतकात बसली. आमच्याकडे त्याला पुकुमानी म्हणतात. चेहऱ्याला पांढरी माती, अंगावर ठिपके, कामाला हात नाही, सुतकाच्या नाच-गाण्याखेरीज इतर कुठल्या मजेत नाही. आणि अन्नाला स्वतःचा हात लावायचा नाही. पाणीसुद्धा दुसऱ्याने पाजायचं. नवऱ्याच्या वेळी फेमीला यातलं काही जड गेलं नव्हतं. तेव्हा आतून इतकं तुटलं होतं की कुणीतरी भरवतंय हाच आधार होता. आता मात्र आत काहीच तुटलेलं नव्हतं, आणि चेहरा तसाच पांढरा. तिला आपण सोंग घेतल्यासारखं वाटायचं.

भरवायला ब्रिजिता. ती रागात होती, आणि राग घासात उतरायचा.

"उघड तोंड."

"ताई, काटा आहे त्यात."

"असू दे. गीळ."

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉरिस अंगणात येऊन बसला. गावकऱ्यांची नेहमीची बोट यायला अवकाश होता आणि डोनाटसच्या घरी त्याला करमत नव्हतं. बायकोला नवरा भरवतो ते मी पाहिलंय, पण बहिणीला बहीण नाही, असं तो म्हणाला. ब्रिजिताने त्याला रीत सांगितली. मग सरळ विचारलं, "तुझ्या आत्याबद्दल सांग. काय करायची?"

"दवाखान्याच्या धोबीखान्यात होती. चाळीस वर्षं चादरी. घडी वाकडी झालेली खपायची नाही तिला. लग्न केलं नाही. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. बोलायचीही कमी." तो जरा थांबला. "इथे येऊन गेली आणि बदलली. भिंतीवर इथलं कापड लावलं. शेजारणीला म्हणायची, माझ्या बहिणीकडे आता पावसाळा लागला असेल. वादळाची बातमी आली की रेडिओपाशी बसून राहायची."

फेमी खाली बघत होती. चुलीवर माशाचं कालवण होतं.

"तुम्हाला तिचे स्वेटर मिळायचे ना?" नॉरिसने विचारलं. "संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. एक बाही करायला महिना लागायचा. मी म्हणायचो, अगं तिथे उकडतं, लोकर कशाला? तर म्हणायची, बोटीवर वारा असतो, तिला लागेल."

फेमीने तोंड उघडलं. ब्रिजिताने चटकन तिच्या तोंडात भाताचा मोठा घास कोंबला.

"मिळायचे," ब्रिजिता म्हणाली. "सगळे मिळाले."

फेमीला तो घास ना गिळता येईना, ना टाकता येईना. डोळ्यांतून पाणी आलं, पांढऱ्या मातीत दोन वाटा पडल्या. नॉरिसने ते पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. त्याला वाटलं असेल की आठवणीने आलं. कोपऱ्यात ब्रिजिताचा म्हातारा कुत्रा पसरला होता. फेमीला त्याच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी राख पुरायची ठरली. ब्रिजिता सकाळपासून दारोदार फिरली. "आमची बहीण गेली, या," एवढंच सांगायची. कुठली बहीण, हे सगळ्यांना माहीत होतं. काही तोंडावर हसले. पण ब्रिजिता बोलावते म्हटल्यावर आले. त्यांच्या आईच्या जमिनीत, आधी गेलेल्यांसाठी उभ्या केलेल्या जुन्या कोरीव खांबांच्या शेजारी, डोनाटसने खड्डा खणून ठेवला होता. नॉरिसने डबा आणला. त्याच्या कपाळालाही कुणीतरी पांढरी माती लावली होती आणि तो ती हाताने पुसली जाऊ नये म्हणून मान ताठ धरून चालत होता.

आधी नाच. आमच्याकडे नातं अंगात असतं, आणि भावंडांचं नातं पायात. बहीण गेलेली माणसं पाय धरून नाचतात, जणू पायच गेला. ब्रिजिता नाचली. जिला तिने कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी ही साठी उलटलेली बाई एक पाय धरून असं नाचली की हसणारे गप्प झाले. फेमीही नाचली. पाऊल चुकत नव्हतं, पण पायात काही नव्हतं.

मग गाणं. हे गाणं आमच्या तिवी भाषेत असतं, आणि ते तयार मिळत नाही. गेलेल्या माणसासाठी ज्याने त्याने आपलं स्वतःचं रचायचं असतं, त्याच्या-आपल्यात काय होतं ते त्यात घालायचं असतं. पहिला मान फेमीचा. सगळे थांबले. फेमीने सकाळपासून मनाशी काही ओळी जुळवल्या होत्या. समुद्राच्या, बोटीच्या, पांढऱ्या चादरींच्या. नॉरिसकडून ऐकलेल्या गोष्टींतून उचललेल्या. त्या म्हणायला तिने श्वास घेतला आणि त्या निघेनात. निघालं ते दुसरंच.

*बहिणी, तुझा चेहरा माझ्याजवळ नाही.*
*चहा द्यावा तसं मी तुला कूळ दिलं.*
*तू वाकड्या बोटांनी विणलंस, मी कुत्र्याला घातलं.*
*तुझी खोकी थांबली, मला कळलं नाही.*

टाळीचा ठेका तुटला. एक म्हातारी "अगं, हे काय!" असं मोठ्याने म्हणाली. मातीपाशी असं कुणी कधी गायलं नव्हतं. मरणाच्या जागी उणंदुणं काढतात, भांडणंही निघतात, पण स्वतःला असं उघडं कुणी करत नाही. रीत अशी की एकीने म्हटलेली ओळ बाकीच्यांनी उचलायची. कुणी उचलेना. शेवटी ब्रिजिताने उचलली. "मी कुत्र्याला घातलं," ती गायली, त्याच चालीत, मोठ्या आवाजात. तिच्यामागे एक, मग दुसरी, मग सगळ्याच. ज्या आळीने तेव्हा हसून घेतलं होतं, ती सगळी आळी ते गात होती. तेव्हा कुठे फेमीच्या पोटातून आवाज फुटला, आणि ती जमिनीवर बसून हंबरडा फोडून रडली.

नॉरिसने डोनाटसच्या कानाशी वाकून विचारलं, "काय म्हणाली ती?"

डोनाटस म्हणाला, "म्हणते, तू मला ऊब दिलीस."

हे डोनाटसने तिला परत येताना सांगितलं, आपण वेळ मारून नेली अशा थाटात. फेमीला धस्स झालं. त्या माणसापुढे आणखी एक खोटं, आणि हे तर तिच्याच गाण्यावर रचलेलं.

म्हणून बोटीच्या दिवशी ती धक्क्यावर गेली. सुतकातल्या बाईने चारचौघांत फिरू नये, पण ती गेली. ब्रिजिता पाण्याची बाटली घेऊन मागे मागे. नॉरिस रांगेत उभा होता. फेमीने त्याला बाजूला बोलावलं.

"नॉरिस, मला ती आठवत नाही. मुळीच नाही. किती प्रयत्न केला. आणि ते स्वेटर..."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"डोनाटसने सांगितलं?"

"नाही. तुम्ही म्हणालात ना, सारखी हसायची. तेव्हाच कळलं."

"तरी तू थांबलास?"

तो पाण्याकडे बघत होता. "मी काय करणार होतो? माझं घर तिच्यापासून तासाभरावर. दोन वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. शेजारणीने दार तोडायला लावलं. इथे आणायचं तेही तिने शेजारणीला सांगून ठेवलं होतं, मला नव्हे. मला रडू येत नव्हतं. वाटलं, कुणीतरी रडेल अशा ठिकाणी न्यावं."

फेमीच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तिने त्याचा हात धरायला हात पुढे केला. पण नॉरिसने आपला हात दिला नाही.

"पण हे मला सांगायला नको होतं तुम्ही," तो म्हणाला. रागाने नाही, थकल्यासारखा. "मला कळलं होतं ते माझ्यापाशी राहिलं असतं. मी तिकडे जाऊन लोकांना सांगणार होतो की तिला खरंच बहीण होती. आता तुमच्या तोंडून ऐकल्यावर कसं सांगू?"

बोटीचा भोंगा झाला. तो गेला. फेमी धक्क्यावर उभी राहिली. खरं बोलून मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. आपलं मन हलकं करायला आपण त्याच्याजवळचं तेवढंसंही काढून घेतलं, हे तिला बोट लांब गेल्यावर उमजलं.

"चल," ब्रिजिता म्हणाली. "तोंड उघड. पाणी पी."

सुतक पुढच्या कोरड्या दिवसांपर्यंत चाललं. डोनाटसने लाकूड निवडलं आणि खांब कोरला. त्याच्या रंगकामाला फेमीला हात लावता येत नव्हता. ती लांब बसून बघायची. नॉरिसचा फोन यायचा, पण तो ब्रिजिताकडे. ब्रिजिताने त्याच्याकडून आत्याचं एक एक काढून घेतलं होतं. ती कशी चालायची, चहात साखर किती, कुठल्या गोष्टीवर चिडायची. पत्ते पिसता पिसता ती सहज म्हणायची, "आपल्या बहिणीला कांदा सोसत नसे." जिला कधी पाहिलं नाही ती ब्रिजिताला आता अशी माहीत झाली होती. फेमीला तिचा हेवा वाटायचा आणि हेव्याचीही लाज वाटायची. ब्रिजिता तिला एकदा म्हणाली, "तू विसरलीस हा गुन्हा नाही गं. इतक्या बायका, कोण लक्षात ठेवणार? पण जे लक्षात ठेवता येणार नाही ते देऊ नये."

खांब उभा करायच्या दिवशी नॉरिस आला. त्याच्याबरोबर एक म्हातारी होती, काठी टेकत चालणारी. आत्याची शेजारीण. फेमी मान खाली घालून उभी होती. तिच्याकडे तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला, म्हातारीला हाताला धरून, आणि फेमीकडे न बघता म्हणाला, "ही तिची बहीण."

म्हातारीने फेमीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

नाच झाले. खांब उभा राहिला. ब्रिजिता गायली, फेमीही गायली, या खेपेला साधंच, मोजकं. मग सगळ्या समुद्रावर गेल्या आणि अंगावरची माती धुऊन आल्या. सुतक फिटलं, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. लोक जेवायला बसले. म्हातारी फेमीच्या शेजारी सावलीत बसली होती. तिने विचारलं, "तुम्हाला ती कशी आठवते?"

फेमीने समोर पाहिलं. नॉरिस डोनाटसबरोबर मासा भाजत होता, त्याची पाठ इकडे होती. पण त्याचा हात थांबलेला तिला दिसला. तिच्या ओठांवर तो जुना हसरा शब्द आलाच होता. तो तिने गिळला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "भिंतीला भिंत लावून तुम्ही राहिलात. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

नॉरिसने मासा उलटला.

म्हातारी सांगायला लागली. की पहिल्या दिवशी ती साखर मागायला आली आणि दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. की तिच्या खिडकीत हिवाळ्यात चिमण्या यायच्या म्हणून ती पहाटे उठायची. की तिला एकटीला बसची वाट बघायची भीती वाटायची, आणि तरीही ती इतका लांबचा प्रवास करून या बेटावर आली होती. फेमी ऐकत होती. एकेक गोष्ट तिला काट्यासारखी लागत होती, आणि मधे कुठे म्हातारी दमून थांबली की ती म्हणायची, "मग?"